काँक्रीटच्या पोटातलं पाणी: सॅप पावडर वापरायची तर हिशेब असा मांडा

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात मी लातूर जिल्ह्यातल्या एका पुलाच्या कामावर क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा, बघत होते. रस्त्याच्या एका कडेला वस्तीतल्या बायका घागरी रांगेत लावून टँकरची वाट बघत असायच्या आणि दुसऱ्या कडेला आमचा टँकर कॉलमवर पाणी मारायचा. कॉलम उभा, त्यावर पाणी ठरतं थोडंच! मारलेल्यातलं बरंचसं ओघळून मातीत जायचं आणि बाकीचं दुपारच्या वाऱ्यावर उडायचं. पाइप हातात धरलेला पोरगा त्या बायकांकडे पाठ करून उभा राहायचा. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

काँक्रीटला आतून पाणी पुरवता आलं तर, हा विचार मी तेव्हापासून गांभीर्याने करायला लागले. पुढे प्लँटच्या लॅबमध्ये आल्यावर जलशोषक पॉलिमरवर, म्हणजे पाणी पिऊन धरून ठेवणाऱ्या सॅप पावडरवर, भरपूर ट्रायल घेतल्या. त्यातल्या काही फसल्या. ही पावडर वापरू पाहणाऱ्या साइट इंजिनिअर आणि प्लँटवाल्यांसाठी त्या अनुभवातून हे लिहिते आहे. तुम्ही गावाकडे घर बांधत असाल तर पुढचा भाग तरी वाचाच, कारण तुमचे पैसे वाचतील.

आधी, कुठे वापरायची नाही

घराचा एम-२० किंवा एम-२५ ग्रेडचा (एमपुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) स्लॅब असेल तर ही पावडर विकत घेऊ नका. अशा मालात पाणी-सिमेंट प्रमाण, म्हणजे पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन, ०.५० च्या आसपास असतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये एम-२० च्या साध्या आरसीसीला ०.५५ पर्यंत मुभा आहे. म्हणजे सिमेंटला पुरेल एवढं पाणी मालात आधीच आहे. तिथला प्रश्न आतल्या पाण्याचा नाही, वरून उडून जाणाऱ्या पाण्याचा आहे. तो सोडवायला आळी बांधा, गोणपाट अंथरा, वर प्लास्टिक घाला. याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

पावडरचं काम सुरू होतं ते प्रमाण ०.४० च्या खाली उतरल्यावर. एम-५० आणि त्यावरचे ग्रेड, सिलिका फ्युम (सिलिकाची अतिबारीक पूड) घातलेला माल, पुलाचा डेक, पातळ ओव्हरले, आणि आळं बांधताच येत नाही असे उंच कॉलम आणि भिंती. असा माल इतका दाट होतो की दोन-तीन दिवसांत आतली छिद्रं एकमेकांपासून तुटतात. मग वर तळं करून ठेवलंत तरी ते पाणी वरच्या थराच्या खाली फारसं झिरपत नाही. आतलं सिमेंट तहानलेलंच राहतं.

तहान कशी लागते तेही सांगते. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होते तेव्हा तयार झालेल्या पदार्थाचं आकारमान मूळ सिमेंट आणि पाणी यांच्या बेरजेपेक्षा कमी भरतं. १०० ग्रॅम सिमेंटमागे साधारण ६ ते ७ मिलिलिटर. हा फरक म्हणजे आतल्या आत रिकामी होत जाणारी छिद्रं. उरलेलं पाणी बारीक छिद्रांत ताणलं जातं आणि छिद्रांच्या भिंती आत ओढतं. बाहेर पाण्याचा थेंबही न उडता काँक्रीट आक्रसतं ते यामुळे. याला ऑटोजिनस श्रिंकेज म्हणतात. उच्च ग्रेडच्या कामात पहिल्या आठवड्यातच केसासारख्या भेगा दिसल्या की ठेकेदार सिमेंटला शिव्या घालतो, मिस्त्री उन्हाला. पुष्कळदा दोष या आतल्या ओढीचा असतो.

यावर उपाय म्हणजे मालात पाण्याचे बारीक बारीक साठे पेरून ठेवायचे. छिद्रं कोरडी पडायला लागली की साठ्यातलं पाणी त्यांच्याकडे खेचलं जातं. अमेरिकेत भिजवलेल्या हलक्या खडीने हेच करतात, रॉबर्ट फिलिओ यांनी १९९१ मध्ये ती कल्पना मांडली होती. जलशोषक पॉलिमरचा मार्ग डेन्मार्कच्या येन्सेन आणि हान्सेन या दोघांनी २००१ आणि २००२ च्या आपल्या दोन लेखांत पक्का केला. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्ताने जर्मनीत कायझर्सलाउटर्नला उभारलेल्या पातळ भिंतींच्या पॅव्हिलियनमध्ये अशी पावडर घातलेलं काँक्रीट वापरलं गेलं.

पावडर आहे तरी काय

बाळाच्या डायपरमध्ये असते त्याच कुळातली. बहुतेक सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, नाहीतर अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅक्रिलअमाइड यांचं मिश्र पॉलिमर. दिसायला बारीक साखरेसारखी. पाण्यात टाकली की फुगून जेली होते. साइटवर सगळे तिला सॅप म्हणतात, मीही तेच म्हणते.

शुद्ध पाण्यात ही पावडर स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते. माहितीपत्रकावर छापतात तो आकडा हाच. काँक्रीटमधलं पाणी मात्र शुद्ध नसतं. त्यात चुना आणि अल्कली विरघळलेले असतात, पीएच १३ च्या घरात जातो. अशा पाण्यात पावडरची ताकद खूपच उतरते. माझ्या ट्रायलमध्ये १० ते ३० पटींच्या पुढे कुठलीच पावडर गेली नाही.

हे नव्या मुलांना पटवायला मी एक प्रयोग करते. डायपर कापून त्यातली पावडर ग्लासात घ्यायची आणि पाणी ओतायचं. क्षणात घट्ट जेली होते, ग्लास उलटा केला तरी सांडत नाही. मग त्यावर दोन चमचे मीठ घालून ढवळायचं. मिनिटभरात ती जेली ढेपाळते आणि ग्लासात पुन्हा पाणी दिसायला लागतं. मीठ जे करतं तेच काँक्रीटमधले क्षार करतात. चुन्यातलं कॅल्शियम तर त्याहून वाईट, कारण ते पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं आणि नंतर ती पावडर फुगायचं नावच घेत नाही. निव्वळ पॉलिअ‍ॅक्रिलेटला याचा जास्त त्रास होतो, अ‍ॅक्रिलअमाइडवाली पावडर जरा तग धरते.

शेतीसाठी मिळणारं हायड्रोजेल वापरू का, असं मला खूप जण विचारतात. नको. एक तर ते मातीसाठी केलेलं असतं, सिमेंटच्या पाण्यात ते कसं वागेल याची हमी कोणी देत नाही. दुसरं म्हणजे दाणा. २० पट पाणी प्यायलेला कण व्यासाने साधारण तिप्पट होतो. दाणा १ मिलिमीटरचा असेल तर काँक्रीटमध्ये ३ मिलिमीटरचं भोक राहणार. १५० मायक्रॉनच्या कणाचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतं. म्हणून पावडर आली की आधी चाळा. माझ्याकडे ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर काही उरलं तर ती पिशवी परत जाते. ७५ च्या खाली सगळीच गेली तरी मला नको असते, कारण फार बारीक कण पाणी कमी धरतात आणि लवकर सोडतात.

टी-बॅगची चाचणी

सगळ्या कामात मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावडरचा आकडा तुमच्याच सिमेंटच्या पाण्यात काढायचा. सिमेंट बदललं की पुन्हा काढायचा.

१०० ग्रॅम सिमेंट ५०० मिलिलिटर पाण्यात घालून चांगलं ढवळा. दिवसभरात अधूनमधून ढवळत राहा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरची निवळी गाळणकागदातून गाळून घ्या. चुन्याची निवळी काढतात तसंच. हातमोजे घाला, हे पाणी कातडी सोलवटतं. बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावा. उघडी राहिली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते. तशी साय दिसली तर ती निवळी फेकून द्या, तिच्यातलं कॅल्शियम कमी झालेलं असतं आणि पावडर उगाच जास्त फुगलेली दिसते.

आता साध्या रिकाम्या टी-बॅग घ्या. एका बॅगेत नेमकी ०.२० ग्रॅम पावडर, दुसरी रिकामी. दोन्हींची तोंडं बंद करून निवळीत सोडा. १, ५, १०, ३० आणि ६० मिनिटांनी बाहेर काढून, गळणारं पाणी थांबेपर्यंत धरून, कोरड्या फडक्यावर हलकेच टेकवून वजन करा. पिळू मात्र नका.

समजा १० मिनिटांनी पावडरची बॅग ५.५० ग्रॅम भरली आणि रिकामी ओली बॅग १.१० ग्रॅम. ५.५० मधून १.१० गेले, ०.२० पावडरचे गेले, उरले ४.२०. त्याला ०.२० ने भागलं की २१. ही पावडर या सिमेंटच्या पाण्यात २१ पट पाणी धरते.

पण १० मिनिटांच्या आकड्यावर थांबू नका, ६० मिनिटांचा बघा. तो २० वर टिकला तर पावडर चांगली. १४-१५ वर घसरला तर तिने पाणी सोडायला सुरुवात केली आहे, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर साइटवर पोचेपर्यंत तुमचा साठा मालातच मिसळून जाईल. आमच्याकडे दोन पुरवठादारांच्या पावडरी होत्या. जी १० मिनिटांना वरचढ होती तीच तासाभराने मागे पडली. आम्ही दुसरी घेतली.

मे महिन्यात ही चाचणी एसी लावलेल्या खोलीत करू नका. प्लँटवर पाणी ज्या तापमानाला आहे त्याच तापमानाला करा.

टी-बॅगमध्ये कणांच्या मधोमध अडकलेलं पाणीही मोजलं जातं, त्यामुळे आकडा थोडा चढा येतो. पडताळा घ्यायला फ्लो टेबल, म्हणजे मॉर्टर किती पसरतो ते मोजायचं टेबल, वापरा. पावडर नसलेला मॉर्टर करून त्याचा फ्लो मोजा. मग तोच मॉर्टर पावडर घालून करा आणि पहिल्याइतका फ्लो येईपर्यंत जास्तीचं पाणी घालत जा. जेवढं जास्तीचं लागलं तेवढं पावडरने प्यायलं. दोन्ही आकडे जवळ आले की मी लहान आकडा धरते.

पाण्याचा हिशेब

साबुदाणा भिजवताना आपण जे करतो तेच इथे करायचं आहे. दाणा पिईल तेवढंच पाणी. कमी पडलं तर मधे कडक कण राहतात, जास्त झालं तर खिचडीचा लगदा होतो.

आतून किती पाणी द्यायचं याचा नियम पॉवर्स या सिमेंट-संशोधकाच्या जुन्या कामावर उभा आहे. प्रमाण ०.३६ किंवा त्याखाली असेल तर त्या प्रमाणाला ०.१८ ने गुणा. ०.३६ ते ०.४२ च्या मधे असेल तर ०.४२ मधून ते प्रमाण वजा करा. येईल तो आकडा दर किलो सिमेंटमागचं आतलं पाणी. ०.४२ च्या वर काहीच द्यायला नको. सिलिका फ्युम असेल तर आतली ओढ वाढते, तिथे यापेक्षा थोडं जास्त धरून ट्रायल घ्या.

एम-५० चं उदाहरण घेऊ. एक घनमीटरला ४३० किलो सिमेंट, प्रमाण ०.३४. नेहमीचं पाणी १४६ लिटर. ०.३४ गुणिले ०.१८ म्हणजे ०.०६१२. त्याला ४३० ने गुणलं की साधारण २६ लिटर. हे आतलं पाणी. पावडर २० पट धरत असेल तर २६ भागिले २०, म्हणजे १.३ किलो. सिमेंटच्या ०.३ टक्के. बहुतेक चांगल्या कामांत मात्रा ०.२ ते ०.४ टक्क्यांच्या दरम्यान येते. तुमचा आकडा याच्या बराच बाहेर गेला तर हिशेब पुन्हा तपासा.

आता हे २६ लिटर जागा व्यापणार. घनमीटरमध्ये ते २.६ टक्के होतात. तेवढी जागा कुठून तरी काढावी लागते, मी ती क्रश सँडमधून काढते. २६ लिटर गुणिले २.६५, म्हणजे सुमारे ७० किलो सँड कमी. हे केलं नाही तर यील्ड, म्हणजे बॅचमधून भरणारं काँक्रीटचं आकारमान, चुकतं आणि सिमेंटचं प्रमाण नकळत घसरतं.

बॅचशीटवर पाण्याचे दोन रकाने करा. एक मिक्सचं पाणी, एक सॅपचं पाणी. एकाच रकान्यात १७२ लिटर लिहिलंत तर रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणणार की पाणी फार झालं, आणि कापून टाकणार. किंवा उलट, कन्सल्टंट प्रमाण ०.४० मोजून कागद परत पाठवणार. दोन्ही माझ्याबरोबर झालं आहे.

आणखी एक, जे फार जण विसरतात. क्रश सँड ७०० किलो असेल तर तिच्या ओलाव्यातला एक टक्का म्हणजे ७ लिटर. ओलावा मोजण्यात चार टक्क्यांची चूक झाली तर तुमचं सगळं आतलं पाणी त्या चुकीत बुडून जातं. ज्या प्लँटवर सँडचा ओलावा रोज तपासत नाहीत त्यांनी या पावडरच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी ती सवय लावा.

माझी फसलेली ट्रायल

पहिल्यांदा पावडर आणली तेव्हा टी-बॅगची चाचणी मला माहीत नव्हती. पुरवठादाराच्या पत्रकावर ३०० पट लिहिलं होतं. मी तोच आकडा धरला. २६ लिटर भागिले ३००, म्हणजे घनमीटरला जेमतेम ८८ ग्रॅम पावडर. वर २६ लिटर जास्तीचं पाणी. किती स्वस्तात काम होतंय, असं वाटलं.

लॅबच्या पॅन मिक्सरमध्ये माल निघाला तो ताकासारखा. कडेने पाणी सुटलं, खडी खाली बसली. २८ दिवसांनी एम-५० चे क्यूब (ताकद तपासायला टाकलेले ठोकळे) ५० ऐवजी ४६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास फुटले. नंतर हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. ८८ ग्रॅम पावडरने खऱ्या मालात पावणेदोन लिटर धरलं असणार. उरलेले २४ लिटर सरळ सिमेंटमध्ये गेले आणि प्रमाण ०.३४ वरून ०.४० ला पोचलं. पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणाला, आकडा बरोबरच आहे, डिस्टिल्ड वॉटरचा आहे. खाली बारीक अक्षरात तसं छापलंही होतं. ही ट्रायल लॅबमध्ये झाली म्हणून निभावलं. तोच माल पुलाच्या डेकमध्ये गेला असता तर, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

प्लँटवर

पावडर आधी पाण्यात भिजवून घालू नका. जेलीचे गोळे होतात आणि ते मिक्सरमध्ये फुटत नाहीत. पट्ट्यावरच्या सँडवर टाकू नका, सँडचा ओलावा ओढून ती तिथेच गठ्ठा धरते. मी मोजलेली पावडर दहापट कोरड्या सिमेंटमध्ये बादलीत कालवते आणि मिक्सरमध्ये सिमेंटबरोबर सोडते. कोरडंच अर्धा ते एक मिनिट फिरवायचं, मग पाणी आणि पीसीई (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन). नेहमीपेक्षा एक-दोन मिनिटं जास्त फिरवा.

माल निघाल्यानिघाल्या स्लम्प (माल किती पातळ आहे याची चाचणी) घेऊन काही समजत नाही. पहिली दहा मिनिटं पावडर पाणी पीत असते. सुरुवातीला माल पातळ दिसतो, मग आवळतो. १० मिनिटांचा, ३० मिनिटांचा आणि साइटवर पोचण्याच्या वेळेचा असे तीन स्लम्प घ्या. कमी पडला तर पीसीईची मात्रा वाढवा. साइटवर पाणी घालायचं नाही, ही ताकीद ड्रायव्हरला लेखी द्या.

पिशवी उघडताना तोंडाला मास्क हवा. पावडर सांडली तर कोरडीच झाडून काढा. वर पाणी मारलंत तर फरशी बर्फासारखी निसरडी होते. आमचा एक हेल्पर तसाच आपटला होता, नशिबाने हाड मोडलं नाही. कोकणात किंवा पावसाळ्यात पिशवीचं तोंड उघडं ठेवलं की हवेतला ओलावाच ती पिऊन टाकते, म्हणून हवाबंद डब्यात ठेवा.

साइटवर

पहिला डेक टाकला त्या दिवशी मुकादम मला म्हणाले, "ताई, पावडर टाकलीय म्हणता ना? मग आता पाणी कशाला मारायचं? सायबांनी तर सांगितलं, क्युरिंगची कटकट गेली."

मी त्यांना डेकवर घेऊन गेले. फिनिशिंग होऊन वीस मिनिटं झाली असतील. साध्या मालावर एवढ्या वेळात वर पाण्याची चमक येते. इथे पृष्ठभाग मंद, कोरडा दिसत होता. पावडर पाणी धरून ठेवते, त्यामुळे ब्लीडिंग, म्हणजे मालातलं पाणी वर सुटणं, कमी होतं. वर येणारं पाणी कमी, आणि उन्हाचा आणि वाऱ्याचा ओढा तेवढाच. मी नखाने हलकेच रेघ ओढून दाखवली, वरची कातडी ताणली जात होती. "काका, ही पावडर पोटाची काळजी घेते. कातडीची आपणच घ्यायची." त्यांनी लगेच पोरांना हाक मारली आणि प्लास्टिक ओढायला लावलं.

म्हणून पावडर घातलेल्या मालावर पहिले तीन-चार तास जास्तच डोळ्यांत तेल घालून बसा. दर चौरस मीटरला तासाला १ किलो पाणी उडायला लागलं की प्लास्टिक श्रिंकेजच्या, म्हणजे माल ओला असतानाच वरून वाळून आक्रसल्याच्या, भेगांचा धोका सुरू झाला असं धरतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, वारा असेल तर तो टप्पा गाठायला वेळ लागत नाही. शक्यतो संध्याकाळी पाचनंतर माल टाका. फिनिशिंग जसजसं पुढे सरकेल तसतसं मागून प्लास्टिक घालत जा, सगळा डेक संपायची वाट बघू नका. मधे थांबावं लागलं तर फवाऱ्याने बारीक धुकं मारा. पाइपने धार मात्र सोडू नका.

बाहेरच्या क्युरिंगचे दिवस पावडरमुळे कमी होत नाहीत. आयएस ४५६:२००० प्रमाणे ओपीसीला, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटला, किमान ७ दिवस, कोरड्या उष्ण हवेत १० दिवस. फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग असेल तर १० दिवस, आणि शिफारस १४ दिवसांची. जो विक्रेता तुम्हाला "पाणी मारायचंच नाही" असं सांगतो त्याला कोडमधलं हे कलम दाखवा. आम्ही बदल केला तो पद्धतीत. तळं करून रोज भरायच्या ऐवजी ओलं गोणपाट, त्यावर घट्ट प्लास्टिक, कडांना वाळूच्या पिशव्या. कॉलमला सेंट्रिंग निघालं की तासाभराच्या आत ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि वरून स्ट्रेच फिल्मचे तीन वेढे. दिवसाआड फिल्म सैल करून गोणपाट हाताने दाबून बघायचं. ओलं लागलं तर पाणी नको. त्या २०१६ च्या कॉलमवर आम्ही दिवसातून तीनदा पाइप धरायचो. इथे बादलीभर पाण्यात भागतं, आणि आतून साथ असल्यामुळे त्या बादलीवर माझा भरवसा बसतो.

क्यूब कसे ठेवायचे

नेहमीचे क्यूब टाकीत ठेवा, ते करारासाठी. पण टाकीत बुडवलेल्या क्यूबला बाहेरून पाणी मिळतच असतं, त्यामुळे पावडरने आत काय केलं ते त्यात कळत नाही. त्यासाठी आणखी दोन संच टाका, एक पावडर घातलेल्या मालाचा आणि एक बिनपावडरचा. साच्यातून काढल्याबरोबर वजन करून प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत हवाबंद करा, सावलीत ठेवा. फोडण्याआधी पुन्हा वजन करा. वजन घटलं असेल तर पिशवी गळकी होती, तो क्यूब मोजू नका.

७ दिवसांचा आकडा पावडरच्या संचात थोडा कमी आला तर घाबरू नका. फुगलेल्या कणांनी सोडलेली पोकळी हवेच्या बुडबुड्यासारखीच ताकद खाते. आतलं सिमेंट पुढे मुरत राहतं तसा हा फरक पुढच्या आठवड्यांत भरून यायला लागतो. म्हणून २८ दिवसांचे आणि ५६ दिवसांचे असे तीन-तीन क्यूब राखून ठेवा. २८ दिवसांनाही फरक मोठा राहिला तर मात्रा जास्त झाली किंवा पावडरने पाणी लवकर सोडलं, पुन्हा टी-बॅगकडे जा.

क्यूब फुटला की तुकडे लगेच टाकून देऊ नका. आतला ताजा भाग भिंगाखाली धरा. अर्ध्या मिलिमीटरच्या आतले गोलसर खळगे दिसतील, काहींच्या तळाशी पावडरची वाळलेली, चकाकणारी पापुद्रीही असते. ते खळगे सगळीकडे सारखे विखुरलेले हवेत. एका कोपऱ्यात झुंबड आणि दुसरीकडे मोकळं दिसलं, तर कोरडं फिरवण्याची वेळ आणखी अर्ध्या मिनिटाने वाढवा आणि पुढची बॅच घ्या.